डोहाळजेवणाला काय करायचं

रास्ता पेठ, पुणे
१२ जानेवारी १९७९

मथुराताई,

संक्रांत दोन दिवसांवर आहे, तेव्हा आधी तिळगूळ घ्या. गोड बोलण्याचं मी प्रयत्नपूर्वक बघेन.

तुमच्या लेकीला सहावा लागला. सातव्यात डोहाळजेवण करायचं ठरवलं आहे, १८ फेब्रुवारी, रविवार. तिच्या बँकेतल्या मैत्रिणींना रविवारच सोयीचा. आमची जागा तुम्ही लग्नात पाहिली आहे, तिथे पंगत बसत नाही. म्हणून भरजेवण नाही, चार वाजता फराळ. एक गोड, एक तिखट आणि प्यायला काहीतरी.

आता ह्यातलं गोड कुठलं यावरून घरात आठवडाभर चर्चा चालू आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंना बासुंदी हवी, कारण त्यांच्या सुनेच्या वेळी बासुंदी होती. ह्यांना बटाटेवडे हवेत. कार्यक्रम बायकांचा आहे आणि आपल्याला बोलावणं नाही, हे अजून ह्यांच्या लक्षात आलेलं नाही. शरद म्हणतो, तुम्ही ठरवाल ते. मुलगा शहाणा आहे, पण उपयोगाचा नाही.

आणि जिच्यासाठी एवढं चाललंय ती म्हणते, "माई, काहीही चालेल." काहीही चालेल म्हणते आणि ताटात वाढलेलं अर्धं टाकते. मी माझ्या हाताला नावं ठेवून पाहिली, तिखट कमी केलं, आमटीत गूळ घालणं थांबवलं. फरक नाही. परवा फारच खनपटीला बसले, तेव्हा म्हणाली, "माझ्या बाबांना विचारा. ते सांगतील काय करायचं ते." म्हणून हे पत्र. गुरुजींना विचारून कळवा. त्यांचं मत अखेरचं धरू, म्हणजे जाऊबाईही गप्प बसतील.

तुम्ही दोघं येणार हे धरून चालले आहे. आणखी एक. पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत आहे. तुमच्याकडून त्याबद्दल अक्षर आलेलं नाही. मी आग्रह करत नाही, आठवण देते.

सुहासिनी बेहेरे

*

शिरोडा, तालुका वेंगुर्ले
२२ जानेवारी १९७९

सौ. सुहासिनीताईंना मथुरेचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. कुंदाचं एवढं कौतुक होतंय, आणखी काय पाहिजे आईला. ती लहानपणापासून जेवायला कंटाळाच करते, तुमच्या हाताला बोल लावून घेऊ नका.

गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, श्रीखंड करा. छोट्या वाट्या भरून ठेवल्या की वाढायला सोपं आणि दिसायलाही छान. तिखटाला तुमच्याकडचा कोथिंबिरीच्या वड्यांचा बेत चालेल. पुण्याच्या मंडळींना आवडेल असंच करा, आमचं गावाकडचं काय मनावर घ्यायचं. सोबत आमसुलं आणि कोकमाच्या आगळाची, म्हणजे दाट रसाची, बाटली पाठवते आहे. शेजारच्या पोस्टमास्तरांचा भाऊ पुण्याला निघाला आहे, तो आणून देईल. त्याचं सरबत करा, प्यायला होईल.

आमचं येणं मात्र जमणार नाही. घरची अडचण आहे. राग मानू नका. बाळंतपणाचं म्हणाल तर इथे आमच्या गावात काय सोय आहे. वेळप्रसंग आला तर वेंगुर्ल्याला न्यावं लागतं. पुण्यात मोठमोठे दवाखाने आहेत, तिथेच झालेलं बरं.

गुरुजी बरे आहेत. डोळ्यांना त्रास होतो म्हणून हल्ली स्वतः पत्र लिहीत नाहीत, एवढं कुंदाला सांगा. तिने खात जावं.

मथुरा आरोलकर

*

रास्ता पेठ, पुणे
३ फेब्रुवारी १९७९

मथुराताई,

हे पत्र शरद तुमच्या हातात देईल. कुंदाला त्याने कारखान्याच्या कामाने कोल्हापूरला जातो असं सांगितलं आहे. पोस्टावर सोपवण्यासारखं हे नाही, आणि तार करायची नाही असं मीच ठरवलं. तारवाला दारात उभा राहिलेला पाहूनच ती कोसळेल.

झालं ते सांगते. तुमचं पत्र आलं तेव्हा कुंदा पोळ्या लाटत होती. मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. श्रीखंडापर्यंत आले आणि तिने लाटणं खाली ठेवलं. पुढचं ऐकलं, "बरं" म्हणाली आणि गॅस बंद करून आत जाऊन पडली. त्या दिवसापासून चहा आणि दोन घास भात, यापलीकडे काही नाही. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, ते कमी भरलं. या महिन्यात वजन वाढायचं असतं. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल म्हणाल्या.

माझा समज काय झाला तोही सांगते, म्हणजे माझी अक्कल कळेल. मला वाटलं, आईवडील येत नाहीत, माहेरी नेत नाहीत, म्हणून ही रुसली. मी तुमच्यावर मनातून चिडले होते. "घरची अडचण" हे दोन शब्द मला फार कोरडे वाटले.

काल दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "श्रीखंड नको असेल तर तसं सांग. गुरुजींना कळवू, त्यांना काही वाईट वाटणार नाही."

ती हातातल्या शेंगेकडे बघून म्हणाली, "माई, बाबांना दही चालत नाही. घरात दही लावलं तर ते पडवीत जाऊन बसतात. श्रीखंड हा शब्द त्यांच्या तोंडून कधी यायचा नाही."

मी म्हटलं, "मग?"

"मग ते त्यांनी सांगितलेलं नाही. दिवाळीपासून आईच्या पत्रात खाली त्यांची एक ओळ नाही. आई म्हणते डोळ्यांना त्रास आहे. माझे बाबा डोळे मिटूनही दोन ओळी लिहितील." आणि मग म्हणाली, "माई, ते आहेत ना?"

मी म्हटलं, "अगं, मग आधी विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलं असतं," ती म्हणाली.

मथुराताई, पोटात मूल घेऊन ही मुलगी तीन महिने हे मनात धरून बसली आहे. माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं खाऊन, आणि मी आमटीतल्या गुळाचा हिशेब करत होते.

तेव्हा आता जे असेल ते लिहा. काहीही असलं तरी लिहा. तिला कसं सांगायचं ते मी बघेन.

सुहासिनी

*

शिरोडा
५ फेब्रुवारी १९७९

सुहासिनीताई,

जावयांनी सगळं पाहिलं आहे, ते सांगतीलच. तरी मी माझ्या हाताने लिहिते.

हे आहेत. आधी हेच वाक्य कुंदाला वाचून दाखवा.

तुळशीच्या लग्नाच्या आधी चार दिवस, सकाळी माडांना पाणी लावायला गेले आणि तिथेच पाटाशेजारी पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात पंधरवडा होतो. जीव वाचला. आता धरून बसवलं की बसतात, डाव्या हाताने जेवतात. ऐकतात सगळं, समजतं सगळं. फक्त बोलता येत नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आहे.

दवाखान्यातून आल्यावर कुंदाला कळवायचं म्हणून मी पत्र लिहायला बसले होते. "चि. कुंदास" एवढं लिहून झालं होतं. त्यांनी डाव्या हाताने तो कागद माझ्या पुढ्यातून ओढला आणि दातात धरून फाडला. ज्या माणसाने चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांचा एक कोपरा कधी दुमडू दिला नाही, त्याने कागद दाताने फाडला. त्यानंतर मी लिहिलं नाही. मला वाटलं, पोटुशी मुलगी आहे, घाट उतरून धावत येईल आणि भलतंच काही होईल. त्यांना काय वाटलं ते मला नंतर कळलं. तिने आपल्याला असं बघू नये, एवढंच त्यांचं होतं.

श्रीखंड मी माझ्या मनाने लिहिलं. तुमच्या पत्रात बासुंदी वाचली आणि वाटलं, आपण हलकं काही सांगायचं नाही. दह्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या पाठीला तेल लावता लावता लिहीत होते.

आज जावई समोर होते तेव्हा मी त्यांना खरोखर विचारलं. खाटेशी बसले आणि एकेक पदार्थाचं नाव घेत गेले. पुरणपोळी, खीर, मोदक, नारळाच्या वड्या. ते डोळे मिटून घेत होते, म्हणजे नाही. मग मी शिरवाळ्या म्हटलं आणि त्यांनी डाव्या हाताने खाटेवर थाप मारली. दोनदा मारली.

शिरवाळ्या म्हणजे आमच्याकडच्या तांदळाच्या शेवया. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. खाली शेवया पडतात. त्या नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसाबरोबर खायच्या. साचा दाबायला जोर लागतो, म्हणून तो दाबायचं काम नेहमी ह्यांचं. कुंदा खाली ताट धरून बसायची आणि निम्म्या शेवया ताटातूनच संपवायची. मी ओरडायचे आणि हे म्हणायचे, "खाऊ दे, आपण आणखी दाबू." गरिबाघरचं खाणं आहे, पुण्याच्या बायकांना आवडेल की नाही माहीत नाही. म्हणून मी ते लिहिलं नव्हतं.

जावई आत आले तेव्हा ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जावई पायाशी बसले आणि पाय चेपत राहिले. संध्याकाळी ह्यांनी मान वळवली.

कुंदाला सांगायचं की नाही, कसं सांगायचं, ते तुम्ही ठरवा. माझ्यात बळ नाही.

मथुरा

*

रास्ता पेठ, पुणे
२१ फेब्रुवारी १९७९

मथुराताई,

शरद सकाळी घरात आला, चपला काढायच्या आधी मला म्हणाला, "आहेत." मी कुंदाला समोर बसवलं आणि तुमचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. तिचे डोळे भरले होते, पण ती शांत होती. पत्र संपल्यावर तिने विचारलं, "जेवतात ना हाताने?" शरद म्हणाला, "जेवतात. माझ्या ताटातला पापडही घेतला." त्यावर ती हसली. मग म्हणाली, "माई, सकाळची भाकरी आहे का?" दीड भाकरी खाल्ली तिने, ताकाच्या कढीबरोबर. दही तिला चालतं म्हणाली, बाबांना चालत नाही.

त्यानंतर दोन दिवस ती मधूनच रडत होती. मी रडू दिलं. खाऊनपिऊन रडत होती, म्हणून मला काळजी नव्हती.

आता डोहाळजेवण. गुरुजींनी थाप मारल्यावर प्रश्नच नव्हता, शिरवाळ्याच करायच्या. साचा नाही, म्हणून मी चकलीच्या सोऱ्याने करून पाहिल्या. जाड आल्या आणि तुटल्या. जाऊबाई बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अजूनही बासुंदी करता येईल." मी सोऱ्या धुवायला टाकला. आमच्या मागच्या गल्लीत नसीमबानू म्हणून आहेत, त्यांचा मुलगा युसूफ शरदच्या वर्गात होता. ईदच्या आधी त्यांच्या गच्चीवर शेवया वाळत असतात ते आमच्या खिडकीतून दिसतं. मी जाऊन म्हटलं, यंत्र द्या. त्यांनी यंत्र दिलं आणि बरोबर सून रझियाही दिली, कारण ते चालवायची एक युक्ती आहे आणि ती सांगून येत नाही म्हणाल्या. रझियाने फळीला यंत्र आवळलं, मी गोळे काढून देत होते आणि ती दांडा फिरवत होती. उकडीने हात भाजतात हे तुम्ही लिहिलं नव्हतं. पण शेवया लांब, पांढऱ्या, एकसारख्या पडल्या. जाऊबाईंनी विचारलं, "हे कुणाचं यंत्र?" मी म्हटलं, पितळेचं.

कुंदाला आम्ही स्वयंपाकघरात येऊ देत नव्हतो. ती आली आणि यंत्राखाली ताट धरून बसली. मी ओरडले नाही.

चार वाजता बायका आल्या. हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले. वाट्या फिरल्या. रास्ता पेठेत शिरवाळ्या कुणी ऐकलेल्या नव्हत्या. एकीने विचारलं, "ही खीर आहे का?" दुसरी म्हणाली, "खिरीतल्या शेवया बाहेर काढल्यात की काय." मग सगळ्या गप्प बसून खाऊ लागल्या. बायका गप्प बसून खातात ते फार क्वचित, हे तुम्हाला माहीत आहे. आगळाचं सरबत संपलं आणि मागून पाणी घालून वाढवावं लागलं. जाऊबाईंनी दोन वाट्या घेतल्या, दुसरी घेताना माझ्याकडे पाहिलं नाही. ह्यांच्यासाठी चार बटाटेवडे वेगळे तळले होते, नाहीतर ते तिखटाचा विषय सोडत नव्हते.

कुंदाने तीन वाट्या खाल्ल्या. ओटी भरताना मी म्हटलं, "आणखी काय हवं, सांग." असं विचारायची पद्धतच आहे, मुली साडी मागतात, दागिना मागतात. ही म्हणाली, "मला बाबांना बघायचंय." सगळ्यांसमोर म्हणाली. मी म्हटलं, बघू.

आता बघायचं कसं, तिला तर घाट उतरू द्यायचा नाही, डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं आहे. म्हणून सोबत एक चिठ्ठी गुरुजींच्या नावे आहे. ती त्यांना वाचून दाखवा. त्यांनी फाडली तर मी दुसरी लिहीन.

सुहासिनी

*

(सोबतची चिठ्ठी)

गुरुजी,

मी तुमच्याशी लग्नात चार वाक्यांपलीकडे बोललेले नाही, तेव्हा हे आगाऊपणाचं वाटेल. वाटू द्या.

तुमच्या लेकीने तीन महिने तुम्ही गेलात असं धरून काढले. तिने तुम्हाला आजारी बघू नये म्हणून तुम्ही तिला त्याहून वाईट बघायला लावलंत. तुमचा हेतू चांगला होता, हे मला माहीत आहे. तो चांगला होता म्हणूनच कुणाला अडवता आला नाही.

तुमचं तोंड वाकडं झालं आहे असं कळलं. आमच्या घरात बरीच तोंडं वाकडी होत असतात, तीही कारण नसताना. तुमच्याकडे निदान कारण आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं मला वाटतं. ती तिकडे येऊ शकत नाही. तेव्हा माहेराने इकडे यावं. पुढची खोली मोकळी केली आहे, खाट खिडकीशी लावली आहे. इथे अंगाला मालीश करणारे आणि व्यायाम करवून घेणारे लोक आहेत, शरदने चौकशी केली आहे. तुम्ही पाहुणे म्हणून येत नाही, तिच्या माहेरची माणसं म्हणून येताय. त्यामुळे आमच्यावर उपकार वगैरे मनात आणू नका.

उत्तर मथुराताईंच्या हातून कळवा. हो किंवा नाही, पण तुमचं असावं.

सुहासिनी बेहेरे

*

शिरोडा
८ एप्रिल १९७९

सुहासिनीताई,

उत्तराला इतका उशीर केला, तुम्ही काय म्हणत असाल. मी तेव्हाच लिहिणार होते, पण तुम्ही लिहिलं होतं की उत्तर त्यांचं असावं. म्हणून थांबले.

चिठ्ठी मी त्याच दिवशी वाचून दाखवली. वाकड्या तोंडाचं आलं तेव्हा त्यांच्या घशातून आवाज आला. आधी मला कळेना काय होतंय. मग कळलं, हसतायत. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. पण पुण्याला जायचं का विचारलं, तर डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तरी तेच. मी विचारणं सोडून दिलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी मी सकाळी विहिरीवरून आले, तर हे खाटेवर नव्हते. पडवीच्या भिंतीला डावा हात लावून उभे होते आणि उजवा पाय ओढत ओढत दारापर्यंत गेले होते. मी धरायला गेले तर हात झटकला. मग रोजच सुरू झालं. भिंतीला धरून दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत. दोनदा पडले. मला उचलू दिलं, पण खाटेवर नेऊ दिलं नाही, परत भिंतीशीच उभं करायला लावलं. कशासाठी चाललंय ते मी विचारलं नाही. मला कळत होतं.

माझा भाचा संपत इथल्या आंब्यांच्या पेट्या घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. हंगाम सुरू झाला. काल तो जाता जाता गाडी दारात लावून आत आला. हे ओट्यावर बसले होते. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या गाडीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे दाखवलं, मग माझ्याकडे. संपत म्हणाला, "कुठे जायचंय, मामा?" त्यांनी तोंड उघडलं. फार वेळ लागला. घाम आला त्यांना. शेवटी "कु" एवढंच आलं. संपतला वाटलं कुडाळ. मी म्हटलं, कुडाळ नव्हे रे.

तेव्हा ताई, आम्ही येतो. पुढच्या शनिवारी संपतची गाडी भरून निघेल. पुढे त्याच्या शेजारी ह्यांच्यासाठी गादी घालून देईन म्हणतो. बसपेक्षा हेच बरं, मध्ये लागेल तिथे थांबता येईल. रविवारी सकाळी मार्केट यार्डात पोचू. जावयांना म्हणावं, घाई करून येऊ नका, पेट्या उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहू.

आज सकाळी त्यांनी मला कोट काढायला लावला आणि दाढी करून घेतली. उजव्या गालावर वस्तरा नीट चालत नाही, तिथे थोडी राहिली आहे.

एकच विनंती. कुंदासमोर बोलता येणार नाही, याची त्यांना अजून धास्ती आहे. ती समोर आली की बोलायचा प्रयत्न करतील आणि जमलं नाही की मान फिरवतील. तिला आधी सांगून ठेवा, त्यांना काही विचारू नकोस म्हणावं. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बस आणि तूच बोल. बँकेतलं सांग, घरातलं सांग, बाळ कधी लाथ मारतं ते सांग. ते ऐकतील.

मथुरा